थोरली, मधली, धाकटी

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार केलाय. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

पत्ता तुझ्या नाटक कंपनीच्या जाहिरातीवरून मिळाला. खाली कोपऱ्यात 'वेशभूषा' म्हणून तुझं नाव आहे. कात्रण मी कारखान्याच्या भिंतीवर चिकटवलंय. येणारं गिऱ्हाईक विचारतं, मी सांगते, माझी सख्खी बहीण. पुढचं विचारलं की पाना पडल्याचं नाटक करून खाली वाकते.

तू गेलीस त्याला वर्ष उलटलं. तुझ्या खोलीत मी काही हलवलेलं नाही, फक्त शिलाई मशीन होतं त्या जागी फरशीचा रंग वेगळा दिसतो म्हणून एक स्टूल ठेवलंय.

काळजी करू नकोस. मी आता फक्त लिफ्ट दुरुस्त करते. सकाळी पेटी उचलायची, लोकांच्या इमारतींत जायचं, दोर तपासायचा, दरवाजाच्या मोटरीला तेल द्यायचं आणि घरी यायचं. थोरली मी मोडली. पाण्याच्या टाकीचा पत्रा होता तो भंगारवाल्याला दिला. तिला मोडताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? अंगात चढवायचं माझं पहिलं कवच होतं. त्या जळत्या इमारतीसमोर आपण दोघी उभ्या होतो, शिडी वरच्या मजल्यापर्यंत पोचत नव्हती, आणि मी तुला म्हटलं होतं, माणसाच्या अंगालाच मोटरी बसवल्या तर? तू हसली होतीस. मग मी खरंच बसवल्या आणि तुझं हसणं थांबलं.

तिसऱ्या मजल्यावरून थोरलीसकट खाली आले तो दिवस मला फारसा आठवत नाही. दवाखान्यातून सुटताना तू दारात उभी राहून जे म्हणालीस ते मात्र शब्दन् शब्द आठवतं. "मी तुला दुसऱ्यांदा गोळा करणार नाही."

म्हणून सांगते, सगळं शांत आहे. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. पाठवलंस तर जास्त चालेल.

तुझी,
पक्कड

ता. क. मोटरी ठेवल्यात. चांगल्या मोटरी कोण टाकतं?


२ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. पण पेपरातला फोटो तुझ्यापर्यंत पोचला असेल अशी मला दाट शंका आहे, म्हणून दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगते. हो, जिन्यात अडकलेली ती मीच.

मागच्या पत्रात 'मोटरी ठेवल्यात' लिहिलं होतं. त्या कुठे ठेवल्यात ते लिहायचं राहिलं. त्या मधलीत आहेत, माझ्या दुसऱ्या कवचात.

मधली थोरलीसारखी नाही, आधी ऐकून घे. थोरली नुसती ताकद होती, अक्कल शून्य. एक पाऊल टाकलं की दुसरं कुठे पडेल याचा तिला पत्ता नसायचा. मधलीला मी तोल दिला. लिफ्टला असतं तसं तोलाचं वजन पाठीत ठेवलंय, पुढे वाकलं की ते मागे सरकतं. हेल्मेटच्या काचेला छोटा वायपर आहे, कारण थोरलीत मला घामाने काही दिसायचंच नाही. बुटांच्या तळाला लोहचुंबक. उजव्या मनगटात दोराची रीळ, बटण दाबलं की आकडा सुटतो आणि दुसरं बटण दाबलं की रीळ मला वर ओढते. ताई, तू एकदा बघायला हवं होतंस. म्हणजे चालू असताना. अडकलेली असताना नव्हे.

झालं असं. पलीकडच्या गल्लीत एक आजोबा न्हाणीघरात कोंडले गेले. कडी जाम झालेली, आत गॅसचा गीझर, सून रडतेय. मी मधली चढवली आणि धावले. पहिला जिना झकास. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर माझे खांदे भिंतीत आणि पाठीवरचं वजन कठड्यात असं काही बसलं की मला पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. माझ्यामागे बंबवाले आले. त्यांना माझ्यामुळे वर जाता येईना.

त्यांचा प्रमुख, मिशा पांढऱ्या, आवाज भरदार, शांतपणे खालून म्हणाला, "बाई, आधी तुम्हाला काढू की आजोबांना?"

मी म्हटलं, "आजोबांना काढा. मी कुठे जात नाहीये."

एवढ्यात वरून आजोबाच टॉवेल गुंडाळून आले. इतका धडाधड आवाज कसला म्हणून त्यांनी दाराला आतून लाथ घातली होती आणि दार उघडलं होतं. ते कठड्यावर वाकून मला म्हणाले, "तुम्ही कोणाला वाचवायला आला होतात?"

फोटो त्या क्षणाचा आहे. खालचा मथळा, 'सुपरहिरोची सुटका', माझ्या मते खवचट आहे.

बंबसाहेबांनी (मी त्यांना असंच म्हणते) करवतीने कठडा कापून मला मोकळं केलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी मधलीभोवती एक चक्कर मारली, मनगटातली रीळ फिरवून बघितली आणि म्हणाले, "वस्तू चांगली आहे. दारापेक्षा मोठी आहे एवढंच."

रविवारी ते कारखान्यात नीट बघायला येणार आहेत. कामासाठी.

हाडं सगळी जागच्या जागी आहेत.

पक्कड


२० मार्च

ताई, ताई, ताई,

कार्ड मिळालं!

मी एका इमारतीच्या लिफ्टच्या टपावर उभी होते आणि पोस्टमनने खालून हाक मारली. तिथेच वाचलं. "खुळे, खांदे अडकतात तर ते रुंद कशाला केलेस?" एवढंच. ना नमस्कार, ना सही. पण 'खुळे' तुझ्याशिवाय मला कोणी म्हणत नाही. मी इतकी हसले की तळमजल्यावरच्या बाईंना वाटलं दोर तुटला.

तुझा प्रश्न बरोबर आहे. रुंद केले कारण पत्रा वळत नाही. पत्रा वळत नाही म्हणून मोठा घ्यावा लागतो, मोठा म्हणून जड, जड म्हणून मोठी मोटर, मोठ्या मोटरीला मोठी बॅटरी, आणि ती वाहायला आणखी मोठा पत्रा. बंबसाहेब म्हणाले, हे म्हणजे बंबानेच आग लावायची आणि बंबानेच विझवायची असं झालं. रविवारी आले होते ते. परवाही आले. त्यांना एक शंका होती.

त्या परवाच्या येण्यातच धाकटी जन्मली. येताना त्यांनी टाकाऊ झालेली बंबाची नळी आणली, वर्कशॉपच्या नळाला लावायला. ती जाड कापडी नळी ग, पाण्याचा एवढा मारा सोसते, आगीतून ओढतात, वर्षानुवर्षं टिकते. मी ती उभी चिरून टेबलावर पसरली. कापड! लोखंडाइतकं चिवट, आणि घडी होते! बंबसाहेब म्हणाले, "अहो, ती चांगली होती अजून." तोवर मी दोन बाह्या कापल्या होत्या.

तर धाकटी कापडाची. आतून पोलादाच्या पातळ पट्ट्या, बोटभर रुंदीच्या, पाठीच्या कण्यावरून गुडघ्यापर्यंत. मोटरी फक्त गुडघ्यांत, कोपरांत आणि कंबरेत. मधलीच्या निम्म्याहून कमी वजन. घालून मी न्हाणीघरात जाऊन आले, खात्री करायला.

असंच एक विचारते, सहज. हात खांद्याच्या वर नेला की सगळा अंगरखा वर ओढला जातो, हेल्मेट डोळ्यांवर येतं आणि काखेत उसवतं. बाही जोडायचा मुंढा मोठा कापला तर बाही लोंबते, लहान कापला तर हात वर जात नाही. असं नाटकातल्या तलवारवाल्यांचं होत असेल तर तू काय करतेस?

सहज विचारलं. घाई नाही. गुरुवारच्या टपालापर्यंत थांबेन.

तुझी खुळी


१८ एप्रिल

ताई,

पुडकं मिळालं. खाकी कागद उलगडला तर पूर्ण अंगाचं बेतलेलं माप! खडूच्या खुणा, कुठे टीप कुठे दुहेरी टीप, सगळं. आणि चिठ्ठी: "हे तुझ्या लोखंडासाठी नाही. वाईट बेतलेलं मला बघवत नाही, म्हणून. काखेत पतंगाच्या आकाराचा जादा तुकडा, कळी, घाल. कापड तिरपं धर, सरळ धरलंस तर ताणणार नाही. आणि माप बदललं असेल तर आधी कळव, मी तुला मागच्या वर्षीच्या अंगाने बेतलंय."

तुला माझं अंग आठवत होतं. इंच न् इंच. माप बदललेलं नाही, टेप लावून बघितली.

कळी घातली. नळीच्या कापडातून सुई जाईना, म्हणून चांभाराकडून आरी आणली. घातलं, हात वर केला. गेला! कानाला लागला! मी दोन्ही हात वर करून कारखानाभर नाचले आणि मग लक्षात आलं की बंबसाहेब दारात उभे आहेत. ते म्हणाले, "चालू द्या."

आता धाकटीची प्रगती ऐक. गुडघ्यांत स्प्रिंगा बसवल्या, लिफ्टच्या खड्ड्यात तळाला असतात तसल्या. दबल्या की ताकद साठते, सुटल्या की मी वर. पहिल्या उडीत छताला टेकले, दुसरीत पंखा वाकडा झाला, तिसरी अंगणात मारली आणि शेजारच्या गच्चीवर उभी. चुंबक आता टाच आपटली तरच लागतो. आधी तो कायम चालू असायचा. मी स्वयंपाकघरात गेले की चमचे माझ्यामागून चालत यायचे. आणि मनगटाच्या रिळीला लिफ्टचा ब्रेक लावलाय, वेग वाढला की आपोआप आवळणारा. त्याला वीज लागत नाही. उलट वीज गेली की तो जास्त इमानदारीने काम करतो.

मागच्या आठवड्यात काचा पुसणाऱ्याचा पाळणा एका बाजूने सुटला होता. मी गेले, त्याला काढलं, खाली ठेवलं. सगळं इतक्या पटकन झालं की त्याच्या हातातली बादली सांडली नाही. शाळेतून सुटलेली पोरं टाळ्या वाजवत होती. ती मला 'नळीमावशी' म्हणतात. मी आणखी रुबाबदार काहीतरी सुचवून बघितलं. ऐकत नाहीत.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तू विचारलंयस, "हा बंबवाला कोण?" बंबवाला आहे.

पक्कड


९ जून

ताई,

पेपर उघडण्याआधी हे वाच. मी घरी आहे, खुर्चीत बसलेय, चहा पितेय. आता वाच.

नदीवरून टेकडीवर जाणारा रोपवे काल दुपारी मध्येच थांबला. वारा सुटला होता. ओढणारा दोर खांबावरच्या चाकातून निसटला आणि एक पाळणा पाण्यावर बरोबर मधोमध तिरका झाला. आत बँडवाले होते. अख्खा बँड, टेकडीवरच्या शाळेत वाजवायला निघालेला, लाल कोट, सोनेरी बटणं आणि सगळी वाद्यं. पाळणा ज्या खिळीवर लटकतो ती वाकत होती. खालून दुर्बिणीने दिसत होतं. शिडी पोचणं शक्यच नव्हतं. बंबसाहेबांनी नावा खाली आणून उभ्या केल्या होत्या. मी धाकटी घालून पोचले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ताई, पहिल्यांदाच ते काही गमतीचं बोलले नाहीत. म्हणाले, "नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला." मी म्हटलं, "आहे. पण वेळ नाहीये."

खांबावर चढून मुख्य दोराला लटकले आणि हाताहाताने पुढे निघाले. पूर्ण वेळ दोन्ही हात डोक्यावर, अंगाचा सगळा भार खांद्यांवर. वाऱ्याने मी कपड्यासारखी हलत होते. एकदा खाली बघितलं, पुन्हा नाही बघितलं. आणि मला सारखं जाणवत होतं, काखेत कुठे ओढत नाहीये. कापड माझ्याबरोबर येतंय. ते नसतं तर मी अर्ध्या वाटेतच लटकून राहिले असते.

पाळण्याच्या टपावर उतरले, टाच आपटली, चिकटले. आधी डाव्या मनगटाला गुंडाळलेल्या जादा दोराने पाळणा मुख्य दोराला बांधला. बांधून होतोय तोच खीळ तुटली. पाळणा हातभर खाली बसला, सगळा हिसका माझ्या हातात आला, आणि दोराने तो धरला. आतून एकाच वेळी सगळे ओरडले. सुरात ओरडले, बँडवालेच ते.

मग उजव्या रिळीने एकेकाला खाली नावेत सोडायला लागले. ट्रम्पेटवाले गेले, झांजवाला गेला. मोठ्या ढोलाचा वादक अडून बसला.

"ढोल आधी."

मी म्हटलं, "अहो, माणूस आधी!"

"बाई, हा माझ्या वडिलांच्या वेळचा आहे. मी पोहू शकतो, हा पोहू शकत नाही."

वाद घालायला वेळ नव्हता. दोघांना एकत्र बांधून सोडलं. ढोल पोटावर धरून तो माणूस असा खाली गेला की नावेतल्यांना वाटलं आधी चंद्रच उतरतोय.

शेवटी राहिला बँडमास्तर आणि मी, आणि माझी बॅटरी संपली. गुडघे थंड, कोपरं थंड, रीळ गप्प. बँडमास्तर म्हातारा, किडकिडीत, मला विचारतो, "आता?" मी म्हटलं, "आता पाठीवर बसा आणि घट्ट धरा. आपण लिफ्टने जाणार आहोत." कारण ब्रेक होता ना! मी दोर पाळण्याला अडकवला, त्याला पाठीवर घेतलं आणि पाय सोडले. क्षणभर नुसते पडलो. मग ब्रेकने वेग ओळखला, आवळला, आणि आम्ही इतके सावकाश खाली यायला लागलो की मला अवघडल्यासारखं झालं. दोन्ही काठांवर माणसंच माणसं आणि आम्ही आपले हळूहळू उतरतोय. बँडमास्तरालाही ते जाणवलं असावं. त्याने एक हात सोडला, कोटातून ट्रम्पेट काढला आणि माझ्या कानाशी वाजवायला सुरुवात केली. खालून नावेतून ढोलाने ताल धरला. मग सगळ्यांनीच. आम्ही नावेत टेकलो तेव्हा पूर्ण बँड वाजत होता आणि बंबसाहेब उघडपणे रडत होते. डोळ्यांत धूर गेला म्हणाले. नदीवर कसला धूर?

मला काही झालेलं नाही.

पक्कड

ता. क. डावा खांदा जरा निखळला होता, बसवलाय. पत्र उजव्या हाताने लिहितात, त्यामुळे अडत नाही.


१ जुलै

ताई,

तू सुखरूप परत पोचलीस हे कळलं. घर पुन्हा शांत झालंय, नको तितकं.

इथे आलीस तेव्हा तू जे जे बोललीस ते मी लिहून ठेवते, कारण बोललेलं तू नंतर नाकबूल करतेस.

दारात बॅग ठेवलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस, गळ्यात अडकवलेल्या हाताकडेही नाही. सरळ धाकटीकडे गेलीस आणि तिची बाही उलटी केलीस. "ही टीप कुणी मारली?" मी म्हटलं, मी. "दिसतंय." तेवढ्यात बंबसाहेब स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले. तू त्यांच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, कपाटातला कोणता कप कुठे आहे हे त्यांना न विचारता सापडलं तेही बघितलंस. आणि म्हणालीस, "नळ्या द्यायला येता का?" ते बिचारे कानापर्यंत लाल झाले. हो ताई. आता लिहूनच टाकते. हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पेपरातला रोपवेचा फोटो पिशवीतून काढलास. घडीवर घडी घालून मऊ पडलेला. म्हणालीस, "आधी बघितला तेव्हा वाटलं, ही पडणार. पेपर उलटा करून ठेवला. मग पुन्हा बघितला. तुझे हात वर आणि काखेतली कळी पूर्ण उमललेली. माझी कळी. तेव्हा वाटलं, हिला मी धरलंय." फोटोची पुन्हा घडी घालत म्हणालीस, "मला घाबरायचा कंटाळा आलाय ग." आणि मी तुला एका हाताने जितकी मिठी मारता येते तितकी मारली.

त्यानंतरचं तू कोणाला सांगितलं नसशील याची मला खात्री आहे. "फक्त मुंढा कसा बसतो ते अंगावर बघते," म्हणून तू धाकटी चढवलीस. "फक्त उजेडात बघते," म्हणून अंगणात गेलीस. मी गुडघ्याच्या बटणाबद्दल सांगत होते, तू म्हणालीस, "कुठलं, हे?"

आणि तू नव्हतीसच तिथे.

शेजारच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिच्या शेजारी तू उतरलीस, तिचं धुणं जरा सावरलंस आणि तिला म्हणालीस, "चालू द्या, मी शिवण बघतेय." मग हसायला लागलीस. मी खाली, मान वर, आणि ताई, तुझं तसलं हसणं मी आई होती तेव्हा शेवटचं ऐकलं होतं. बंबसाहेब शिडी आणायला धावले. तू वरून ओरडलीस, "शिडी लावाल तर खबरदार!" पुढच्या गच्चीवर गेलीस. त्याच्या पुढच्या. पोरं रस्त्यातून तुझ्याखाली पळत होती. जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसला.

आणि आज तुझं पत्र. "माझ्या गुडघ्यांना हल्ली थिएटरचे जिने झेपत नाहीत. जिन्यापुरतं काहीतरी साधंसं करून दे." जिन्यापुरतं! मी तुझी बहीण आहे ग, तुला लहानपणापासून ओळखते.

कापड आलंय. साहेबांनी या वेळी न मागता नवी कोरी नळी आणली, लाल. आजच कापायला घेते. जन्मभर तू गिऱ्हाइकांना जे ओरडत आलीस तेच आता मी तुला सांगते: कंबरेचं माप खरं पाठव.

तुझी,
पक्कड